आवडलं म्हणायची भीती वाटते

पत्र : मी सक्करदऱ्याला राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. चित्रं-शिल्पं पाहायची हौस पहिल्यापासून होती, वेळ मिळाला नाही. म्हणून यंदा मैत्रिणींबरोबर एका कलारसास्वाद वर्गाला नाव घातलं. तिथे पहिले सर म्हणाले, कलावंताचं आयुष्य वाचल्याशिवाय त्याचं चित्र कळत नाही. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, आयुष्य विसरा, रेषा-रंग-आकार पाहा. तिसऱ्यांनी रससिद्धान्त सांगितला. चौथे म्हणाले, कलाजगत ज्याला कला म्हणतं ती कला. पडद्यावर चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र दाखवलं. सगळे वा वा म्हणाले, मला नुसता पिवळा रंग दिसला. शेजारचे एक गृहस्थ कुजबुजले, असं तर माझा नातूही काढेल. उलट अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या नागपूरच्या संग्रहालयात, एका दगडी स्त्रीमूर्तीपुढे, नाक झिजलेलं, एक हात तुटलेला, माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून पाहत आलेली पिवळी मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा तो भलामोठा पुतळा, मला अजूनही सगळ्यात भव्य कलाकृती वाटते. हे वर्गात बोलले तर एक जण हसले. म्हणाले, ‘पहिलं भावनिक आहे आणि दुसरी श्रद्धा आहे, कला नाही.’ तेव्हापासून काही आवडलं तरी आवडलं म्हणायची भीती वाटते. चौघांपैकी बरोबर कोण? सात वर्षांच्या नातीला संग्रहालयात न्यायचं आहे, तिला काय सांगू?
— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. चौघांनी चार उत्तरं दिली म्हणून तुमचा गोंधळ झाला, पण त्यांच्यासमोरचे प्रश्नच वेगळे होते आणि ते कोणी तुम्हाला सांगितले नाहीत. हे घडलं कसं, हा पहिल्या सरांचा प्रश्न. यात काय आहे, हा मॅडमचा. पाहताना माझ्यात काय होतं, हा रससिद्धान्ताचा. आणि मुळात याला कला का म्हणायचं, हा चौथ्यांचा. चारही प्रश्न रास्त आहेत. समोरची वस्तू यांतला कोणता प्रश्न आधी विचारायला लावते, हे मात्र त्या वस्तूकडे पाहूनच ठरवावं लागतं. वाद आधी आणि वस्तू नंतर, असा क्रम लागला की डोळे मिटतात. तुमचं तेच झालंय.

माझी कसोटी अगदी साधी आहे. जो विचार ऐकल्यावर मूर्तीत किंवा चित्रात आणखी एखादी गोष्ट दिसते तो कामाचा. ज्याने दिसणारंही दिसेनासं होतं तो कितीही मोठ्या नावाचा असो, त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा.

पहिल्या सरांचं घ्या. तुमच्या त्या मूर्तीचा शिल्पकार कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मूर्ती निनावी आहेत. त्याचं आयुष्य वाचायची सोय नाही, तरी तुम्ही हललात. म्हणजे ‘आयुष्य वाचल्याशिवाय कळत नाही’ हे तसंच्या तसं टिकत नाही. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकी विचारवंतांनी १९४६ साली हेच ठासून मांडलं होतं : लेखकाच्या मनात काय होतं हा कृती पारखण्याचा निकष नव्हे. पण दुसऱ्या एका माहितीने नक्की फरक पडतो. अशा मूर्ती मुळात दिव्याखाली, डोळ्यांच्या रेषेत, एकट्या ठेवण्यासाठी घडवलेल्या नसतात. त्या भिंतीचा भाग असतात, पुष्कळदा खालून वर पाहायच्या असतात आणि दिवसभर सरकणारं ऊन त्यांच्यावरून जात असतं. हे कळल्यावर पुढच्या खेपेला तिच्यासमोर जरा वाकून, खालून पाहा. खोल कोरलेल्या जागा सावली धरायला ठेवल्या होत्या, हे तुमच्या लक्षात येईल. ही माहिती मूर्तीकडे नेते, म्हणून ती हवी.

मॅडमच्या मताचं मराठीतही मोठं घराणं आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य लयीत शोधलं आणि तिचे तीन नियम सांगितले : संवाद, विरोध, समतोल. एका रेषेला दुसरी रेषा साथ देते का, कुठे तिला छेद जातो, आणि एवढं होऊन सगळं तोललं जातं का. गणित शिकवलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटू नये. याच्या उलट टोकाला आपल्या नागपुरातले शरच्चंद्र मुक्तिबोध उभे राहिले. साहित्याचं मूल्य माणसाच्या जगण्यापासून तोडता येत नाही, असं म्हणणाऱ्या त्यांच्या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि रा. भा. पाटणकरांनी दाखवलं की हा वाद एक बाजू जिंकून मिटणारा नाही, कारण सौंदर्याच्या कल्पनेलाच दोन ध्रुव आहेत : एक कलेला स्वायत्त मानणारा, दुसरा तिला जीवनाला बांधणारा. तुमच्या वर्गातले पहिले सर आणि दुसऱ्या मॅडम या दोन ध्रुवांच्या आसपास उभे होते. तुम्हाला त्यांच्यात निवड करायची गरज नाही.

आता तुमचे अश्रू. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण जे हसले त्यांनी इथे फार घाई केली.

‘भावनिक’ हा शब्द आपल्या परंपरेत दोष म्हणून वापरताच येत नाही. नाट्यशास्त्रकार भरताच्या रससूत्राचा कच्चा माल भावच आहे. पण सगळे अश्रू सारखे नसतात, हेही त्याच परंपरेने सांगितलं. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिलं. त्यात त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली आहेत. त्यातलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात माणूस इतका बुडालेला असतो की समोरच्या गोष्टीत मन शिरतच नाही. घरी आजारपण असताना नाटकाला गेलेला माणूस. दुसरं, समोर चाललेलं माझंच आहे किंवा त्या अमक्याचंच आहे, असं घट्ट धरून बसणं. ही पकड सुटते, दुःख माझंही राहत नाही आणि परक्याचंही राहत नाही, तेव्हा शोकाचा करुण रस होतो. यालाच साधारणीकरण म्हणतात.

म्हणून तुम्हीच तपासून पाहा, दुसऱ्या कोणाला ते करता येणार नाही. डोळे भरले तेव्हा नजर कुठे होती? ती मूर्ती पाहून तुम्हाला तुमचं एखादं माणूस आठवलं, आणि मग मूर्ती मागे पडून ते माणूसच मनात राहिलं का? तसं असेल तर त्या दुःखाचा मी मान राखीन, पण मूर्ती तिथे निमित्त होती. की डोळे भरल्यावर तुम्ही तिच्याकडे आणखी बारकाईने पाहिलंत : तुटलेल्या हाताचा दंडावरचा खडबडीत काप, उरलेल्या हाताची सैल बोटं, नाक गेलं तरी ओठांवर टिकलेलं शांतपण? नाक झिजलं होतं आणि हात तुटला होता, हे तुम्ही पत्रात आवर्जून लिहिलंत. रडताना जिचे डोळे मूर्तीवर खिळलेले असतात तीच असं लिहिते. मला तरी हा रसाचाच अनुभव वाटतो.

तुमच्या वर्गात आणखी एक विघ्न होतं, आणि त्याचा तुमच्या समजेशी काही संबंध नव्हता. अभिनवगुप्त त्याला ‘प्रतीत्युपायवैकल्य’ म्हणतो, प्रत्यय येण्याची साधनंच अपुरी असणं. गायतोंड्यांचं चित्र पडद्यावर दाखवलं हेच ते वैकल्य. हा चित्रकार १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, पुढे दिल्लीला राहिला. रोलर आणि पॅलेट नाइफने तो रंगाचे थर चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. १९७० च्या दशकातली त्याची कित्येक चित्रं जवळजवळ माणसाच्या उंचीची आहेत. एका थरातून खालचा थर झिरपताना दिसणं हाच त्या चित्राचा प्राण, आणि प्रोजेक्टर नेमका तेवढाच खाऊन टाकतो. त्या खोलीत पिवळ्या रंगापलीकडे काही दिसण्यासारखं नव्हतंच. दिसलं तेवढंच तुम्ही सांगितलंत. ज्यांनी वा वा केलं त्यांच्यातल्या किती जणांना २०२१ च्या लिलावातली जवळपास चाळीस कोटींची बोली आठवत होती, हा प्रश्न मला छळतो. किंमत ही बाजाराची गोष्ट आहे. तिने चित्र चांगलंही ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही.

दिल्लीला जाणं झालं तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं चित्र भिंतीवर आहे का ते विचारा, आणि असलं तर त्याच्यासमोर बसा. दहा मिनिटं काही बोलू नका. तरीही नुसता पिवळाच दिसला तर ‘मला हे भिडलं नाही’ असं मोकळेपणी म्हणा. शेजारच्या गृहस्थांनाही तेच सांगा : नातू कॅनव्हास पिवळा करील हे खरं, त्याचं आणि हे, दोन्ही शेजारी लावून दहा मिनिटांनी काय उरतं ते पाहू.

हसणाऱ्यांसाठी एक गोष्ट आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अभिरुचीवरच्या १७५७ च्या निबंधात ती ‘डॉन किहोटे’ या स्पॅनिश कादंबरीतून घेतली. नायकाचा सेवक सांचो, त्याच्या नात्यातल्या दोघांना एका पिंपातली दारू चाखायला बोलावलं. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. सगळे दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, चामड्याच्या वादीत ओवलेली. ह्यूमचं म्हणणं असं की चव ज्याच्या त्याच्या जिभेची असली तरी पिंपात काहीतरी खरोखर असतं, आणि सरावाने, तुलनेने, पूर्वग्रह सोडून ते ओळखता येतं. या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघे ‘उत्तम आहे’ एवढ्यावर थांबले नाहीत. कशाची चव लागते ते सांगितलं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये हीच गाठ दुसऱ्या बाजूने सोडवली. एखादी दारू मला आवडते म्हणताना ‘मला’ पुरतं बोललं तरी चालतं. पण एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणताना आपण नकळत इतरांच्याही वतीने बोलतो, त्यांनीही हे पाहावं, मान्य करावं अशी अपेक्षा धरतो. आणि तरीही ते सिद्ध करून देता येत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज फळ्यावर सिद्ध केली की वर्गातल्या सगळ्यांना मान्य करावीच लागते, सौंदर्याची तशी सक्ती कोणावर करता येत नाही. आयुष्यभर सिद्धता शिकवलेल्या माणसाला ‘आवडलं’ म्हणायची भीती वाटली, यात मला नवल वाटत नाही. सिद्धता नाही म्हणजे काहीच हातात नाही, असं तुम्हाला वाटलं असणार. पण तुम्हीच परीक्षेत उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण दिले असतील. इथे रीत म्हणजे बोट ठेवून दाखवणं : हे पाहा, इथे, या ओठांपाशी. समोरच्याला दिसलं तर तो तुमच्याबरोबर आला. नाही दिसलं तर तो दुसरीकडे बोट ठेवील आणि कदाचित तुम्हाला नवं काही दिसेल. सौंदर्याविषयीचं सगळं बोलणं मला शेवटी एवढ्यावरच उभं दिसतं.

राहिली मारबत. इथे मी तुमच्या बाजूने भांडणार.

‘श्रद्धा आहे, कला नाही’ हा नियम लावायचा तर आधी अजिंठा सोडावा लागेल. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघाला दान दिलं, प्रेक्षकांना नव्हे. वाकाटक तर आपल्या विदर्भाचेच. रामटेकच्या टेकडीवरचे नरसिंह काही कोणी दालनात मांडायला घडवले नव्हते. ललित कला नावाची वेगळी पंगत मांडून चित्र, शिल्प, काव्य, संगीत, नृत्य यांना तिच्यात बसवण्याची पद्धत युरोपात अठराव्या शतकात रुळली, बात्यो या फ्रेंच लेखकाचं त्यावरचं पुस्तक १७४६ चं. ती पद्धत उपयोगी आहे, पण तिच्याआधीच्या आणि तिच्याबाहेरच्या सगळ्या कारागिरीला त्या पंगतीतून उठवायचा अधिकार तिला कोणी दिला?

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात. बांबूचा सांगाडा, कागद, रंग, भलेमोठे डोळे. माणसांच्या डोक्यांवरून तो पिवळा देह हलत हलत येतो, वरच्या तारा काठ्यांनी उचलून धराव्या लागतात, आणि खालून हजारो गळ्यांतून एकच आरोळी : ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ सोबत बडगे, त्या त्या वर्षी ज्यांनी लोकांना पिडलं त्यांचे पुतळे. भयानक, हास्य, अद्भुत असे तीन रस एका रस्त्यावर. आणि शेवटी सगळं जाळून टाकायचं. शाबूत ठेवायची वस्तू म्हणून पाहिलं तर मारबत कळणारच नाही. तिचं जळणं हा तिच्या रचनेचाच भाग आहे, दर वर्षी नव्याने घडवलं जाणं हाही.

तुमचे चौथे सर इथे आठवा. त्यांच्या वाक्यामागे आर्थर डांटो हा अमेरिकी तत्त्वज्ञ आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अँडी वॉरहॉल या कलावंताने दुकानातल्या ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी मांडली. डांटोला प्रश्न पडला, डोळ्यांना फरक दिसत नाही, मग यांना कला आणि त्यांना खोकी का म्हणायचं? त्याचं उत्तर असं की वस्तूभोवती विचारांचं आणि इतिहासाचं एक वातावरण असतं, तेच कलाजगत. पुढे काहींनी त्याचा अर्थ संस्था आणि मान्यता असा आवळून घेतला, आणि वर्गापर्यंत बहुधा तोच पोचला. मूळ विचार मात्र मारबतीच्या बाजूने उभा राहतो. तिच्याभोवतीही जग आहे : तिला घडवणारे हात, तिची समिती, तेली समाजाचा इतिहास, नागपूरकर भोसले घराण्यातल्या बांकाबाईची लोकांच्या मनातली आठवण, आणि गेल्या वर्षीच्या मारबतीशी यंदाच्या मारबतीची तुलना करणारी इतवारीतली म्हातारी माणसं. ‘यंदा डोळे नीट साधले नाहीत’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी समीक्षकच समजते.

वर्ग सोडू नका. चौघांचंही ऐका, वहीत लिहा. एवढंच करा की प्रत्येक व्याख्यानानंतर त्याच आठवड्यात एका, फक्त एका वस्तूपुढे जाऊन उभ्या राहा, आणि पाटी वाचण्याआधी काय दिसतंय ते चार ओळींत उतरवून काढा. मन भरून आलं तर तेही लिहा, पण आधी दिसलेलं. मग पाटी, मग व्याख्यानाची वही. चार ओळींत भर पडली तर ते व्याख्यान कामाला आलं. पुढच्या वेळी कोणी हसलं तर त्यांनाच विचारा, तुम्हाला या मूर्तीत काय दिसतं, जरा दाखवा ना. हे तुम्ही मनापासून विचारा, कारण त्यांनाही काहीतरी दिसलं असेल.

नातीला काही सांगू नका. अजब बंगल्यात सगळी दालनं एका दिवसात दाखवायचा अट्टाहास नको, सात वर्षांच्या पायांना ते झेपत नाही. तिला एक वस्तू निवडू द्या. ती पेंढा भरलेला वाघ निवडील आणि तुमची मूर्ती राहून जाईल, त्याची तयारी ठेवा. ‘छान आहे ना?’ असं विचारलंत तर ती हो म्हणेल आणि संपेल. त्यापेक्षा ‘तुला आधी काय दिसलं?’ असं विचारा, आणि तिने बोट दाखवलं की तिच्या उंचीला वाकून तिथून पाहा. घरी आल्यावर वही-पेन्सिल देऊन आठवेल तेवढं काढायला सांगा, आणि पुढच्या रविवारी तीच वही घेऊन त्याच वस्तूकडे परत न्या. काय काढायचं राहिलं ते तिचं तीच शोधील.